फोटोशेजारी काय लिहायचं? घरचा अल्बम लिहून काढण्याची रीत

आमच्याकडे आजी-आजोबांचा एक फोटो आहे, कऱ्हाडच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि कुठेच न जाणारा जिना. आजोबा खुर्चीत ताठ बसलेत आणि शेजारी आजी, डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला, जणू प्लास्टर घातलंय. बारा वर्षांपूर्वी मी आणि बहिणीने हौसेने अल्बम केला तेव्हा या फोटोखाली चकाकत्या जेल पेनाने लिहिलं, ‘आजी-आजोबा, १९६७. मेड फॉर इच अदर.’ शेजारी दोन बदाम चिकटवले.

त्या ओळीतलं साल चुकीचं निघालं. शाई पसरली. आणि हात तसा का धरलाय, हे विचारायचं आम्हाला सुचलंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो अल्बम उसवून पुन्हा केला. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने देते आहे. सजावटीबद्दल मी फारसं बोलणार नाही. फोटोशेजारच्या मजकुराकडेच बहुतेक जण दुर्लक्ष करतात, म्हणून सगळा भर त्यावर आहे.

आधी फोटो कमी करा

तीनशे फोटोंवर कुणीही लिहू शकत नाही. पहिल्या अल्बमला तीस-चाळीस पुरेत. निवडताना चांगला आलेला फोटो आणि बोलणारा फोटो यांत गल्लत करू नका. बारशातले सगळे हसताहेत असे आठ फोटो असतील तर एक ठेवा. पण मागे ओट्यावर स्टोव्ह दिसतोय, कुणीतरी चौकटीबाहेर अर्धवट कापलं गेलंय, असा वेडावाकडा फोटो असेल तर तो नक्की घ्या. अशाच फोटोवर माणसं बोलायला लागतात.

निवडलेले फोटो लगेच चिकटवू नका. प्रत्येकाला एक नंबर द्या आणि शंभरपानी वही घ्या. नंबर एक, पान एक. मजकूर आधी वहीत तयार होऊ दे, मग पानावर किती जागा सोडायची ते ठरतं. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं होतं. आधी फोटो आणि स्टिकर, मग उरलेल्या दोन बोटांच्या पट्टीत जे मावेल ते. तिथे ‘मेड फॉर इच अदर’च मावतं.

जुना फोटो चिकट पानांच्या अल्बममधून काढायचा असेल (पारदर्शक कागद उचलून खाली फोटो दाबायचे ते अल्बम, ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी होते) तर आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून घ्या. मग दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढा. नखाने किंवा सुरीने उचकटू नका. अजिबातच सुटत नसेल तर राहू द्या, आणि मोबाईलवरून नवी प्रत काढा.

विचारायचं कसं

‘आजी, या फोटोबद्दल काहीतरी सांग ना,’ असं म्हटलं की उत्तर येतं, ‘काय सांगायचं त्यात!’ चूक आजीची नाही, प्रश्न फार मोठा आहे. प्रश्न लहान करा आणि फोटोत दिसणाऱ्या वस्तूला चिकटून राहा. ही साडी कुणी घेतली? चप्पल कुठली? फोटो कुणी काढला? काढून झाल्यावर घरी गेलात की आणखी कुठे? या दिवशी घरी कोण नव्हतं?

‘फोटो कुणी काढला?’ आणि ‘कोण नव्हतं?’ हे दोन प्रश्न मला फार कामाला आले. आमच्या आत्याच्या लग्नातल्या एकाही फोटोत धाकटे काका नाहीत. भांडण झालं असेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. खरं तर कॅमेरा त्यांच्याच हातात होता. त्या पानावर आता एवढीच ओळ आहे : ‘हे सगळे फोटो काकांनी काढले, म्हणून ते कुठेच नाहीत.’

एका बैठकीत चार-पाच फोटोंच्या पुढे जाऊ नका. दुपारचा चहा झाल्यावरची वेळ चांगली. शक्य असेल तर दोन माणसांना एकत्र बसवा, म्हणजे नणंद-भावजय किंवा दोघी बहिणी. एकीचं चुकलं की दुसरी सुधारते आणि त्या वादातून जे बाहेर येतं ते एकट्या माणसाकडून कधीच मिळत नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, पण विचारून लावा, आणि फोन पालथा ठेवा. समोर वही-पेन घेऊन बसलात की माणूस ‘भाषण’ करायला लागतो.

स्टुडिओच्या फोटोत हात तसा का, ती घड्याळाची गोष्ट आजीने सांगितली ती अशीच, रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरल्यावर : ‘घड्याळ त्या फोटोवाल्याचं गं. पट्टा ढिल्ला व्हता, हात खाली सोडला की निसटायचं. त्यो म्हनला, बाई, पडलं तर भरून द्यावं लागंल. मग बसले हात असा धरून.’

स्टुडिओत अशा वस्तू ठेवलेल्याच असत. घड्याळ, रेडिओ, टेलिफोन, प्लास्टिकची फुलं. तुमच्या घरातल्या जुन्या फोटोत कुणी टेलिफोन कानाला लावून बसलं असेल, तर घरात फोन कधी आला तेही विचारा.

नावं

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. ‘ताई, माई, बाळू, बेबी’ असं लिहून ठेवलंत तर पुढच्या पिढीला काही कळणार नाही, कारण ताई प्रत्येक घरात असते. पूर्ण नाव, घरात हाक मारायचे ते नाव आणि नातं अशी तिन्ही द्या. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहा. कित्येक घरांत लग्नात पाळण्यातलं नावही बदललं जायचं, तेही विचारून घ्या. नातं कुणाच्या बाजूने सांगताय ते ठरवा. ‘आत्या’ म्हणजे कुणाची आत्या? अल्बमच्या पहिल्या पानावर लिहून टाका की सगळी नाती अमक्याच्या बाजूने दिली आहेत.

घोळक्याच्या फोटोत ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. एखादी व्यक्ती ओळखू आली नाही तर ‘डावीकडून तिसऱ्या बाई कोण ते कळलं नाही’ असं सरळ लिहा. मोकळी जागा सोडली तर वाचणाऱ्याला वाटतं, लिहायचं राहून गेलं.

साल पक्कं करणं

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तारीख विचारली की बहुधा साल येत नाही, प्रसंग येतो. ‘धरण फुटलं तेव्हा तू पोटात होतीस.’ हे उत्तर सालापेक्षा जास्त उपयोगी असतं, कारण साल चुकतं, प्रसंग चुकत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर अशा खुणांची यादी करून ठेवा. पुणेकरांसाठी पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. गोव्याकडच्या घरांत मुक्ती, १९ डिसेंबर १९६१. सातारा-कऱ्हाड भागात कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मराठवाड्यात आणि देशावर १९७२ चा दुष्काळ. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. गिरणगावात संप, १८ जानेवारी १९८२ पासून. ज्या घरात क्रिकेट आहे तिथे भारताने विश्वचषक जिंकला तो दिवस, २५ जून १९८३. लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. मुंबईत २६ जुलै २००५ चा पूर. ‘त्याच्या आधी की नंतर?’ एवढं विचारलं तरी फोटो दोन-तीन वर्षांच्या कप्प्यात बसतो.

धोंड्याचा महिनाही मदतीला येतो. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा येतो, त्यामुळे ‘हा जावयाच्या पहिल्या धोंड्याचा फोटो’ असं कुणी म्हणालं तर लग्न त्याआधीच्या तीनेक वर्षांतलं. आणि श्रावणच अधिक होता असं पक्कं आठवत असेल तर फार थोडी सालं उरतात, अलीकडची २००४ आणि २०२३.

एक फसवी खूण सांगून ठेवते : आणे. ‘तिकीट चार आणे होतं’ म्हटलं म्हणून प्रसंग १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे नव्या पैशांच्या आधीचा ठरत नाही. पंचवीस पैशाच्या नाण्याला लोक पुढे कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होते.

आता आमच्या चुकीबद्दल. आजीची लग्नपत्रिका सापडली होती. त्यावर ‘माघ वद्य’ आणि ‘शके १८८९’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे शाळेत शिकलेलं, म्हणून १९६७ लिहून मोकळे झालो. पण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे असतात. माघ वद्य शके १८८९ म्हणजे १९६८ च्या फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. आजी पहिल्यापासून सांगत होती, ‘भूकंपानंतर लग्न झालं, भिंतीला तडे गेलेले तसंच.’ आम्हीच तिला म्हणायचो, नाही गं आजी, तुझं लग्न आधीचं.

साल नक्की नसेल तर ‘बहुधा १९७४-७५’ लिहा आणि ते कशावरून ठरवलं तेही अर्ध्या ओळीत द्या.

आता लिहा

फोटोत दिसतं ते पुन्हा लिहू नका. ‘आम्ही सर्व महाबळेश्वरला घोड्यावर बसलो होतो’ हे दिसतंच आहे. घोड्यावरून कोण पडलं, घोडेवाल्याशी घासाघीस कुणी केली, परत येताना गाडी कुठे बंद पडली, ते लिहा. ‘अविस्मरणीय क्षण’, ‘सोनेरी दिवस’, ‘गोड आठवणी’ हे शब्द आले की खोडून टाका. ते कुणाच्याही फोटोखाली चालतात, म्हणून तुमच्या फोटोखाली चालत नाहीत.

माझी रीत अशी. रेकॉर्डिंग ऐकत वहीत सगळं भसाभस उतरवायचं. मग त्यातली एक गोष्ट निवडायची, एकच. ती चार ते सहा वाक्यांत मांडायची आणि तिच्यात निदान एक तरी वाक्य सांगणाऱ्याच्या तोंडचं, जसंच्या तसं ठेवायचं. ‘व्हता’चं ‘होता’ करू नका. त्या ‘व्हता’मध्ये आजीचा आवाज आहे. शुद्धलेखन तुमच्या वाक्यांत सांभाळा.

स्टुडिओच्या फोटोशेजारी आता हे आहे :

‘कऱ्हाड, १९६८ चा उन्हाळा. लग्नाला तीन-चार महिने झाले होते. दोघं बाजाराच्या दिवशी कुणाला न सांगता स्टुडिओत गेले. आजीच्या हातातलं घड्याळ फोटोवाल्याचं. “पट्टा ढिल्ला व्हता, हात खाली सोडला की निसटायचं. त्यो म्हनला, बाई, पडलं तर भरून द्यावं लागंल.” म्हणून हात असा. फोटो घरी आला तेव्हा पणजोबांनी पहिला प्रश्न विचारला, घड्याळ कधी घेतलं?’

पन्नासेक शब्द आहेत. याहून जास्त फार क्वचित लागतात.

दरवेळी परिच्छेदच हवा असं नाही. दिवाळीच्या फोटोशेजारी आजीच्या हातची चकलीची भाजणी लिहून ठेवली आहे, तिच्याच मापात, म्हणजे ‘पितळी चिपट्याने’. आत्या आणि काकांचं पटत नाही तिथे दोघांची दोन टोकं संवादासारखी लिहिली. बाबांच्या पहिल्या खोलीच्या फोटोशेजारी नुसती यादी आहे : भाडं किती, नळाला पाणी कधी, शेजारी कोण. लहान मुलांच्या पानावर त्यांचं बोबडं बोलणं त्याच आठवड्यात टिपा. महिन्याभराने ते शब्द आठवत नाहीत आणि मूलही ते विसरून शहाण्यासारखं बोलायला लागलेलं असतं.

पानावर जागा किती सोडायची

चार बाय सहा इंची फोटोएवढी जागा मजकुराला सोडली तर मध्यम अक्षरात साधारण ऐंशी ते शंभर शब्द बसतात. म्हणजे पन्नास-साठ शब्दांच्या आठवणीला फोटोपेक्षा कमी जागा पुरते. दोन ओळींत निदान आठ मिलिमीटर अंतर ठेवा. इंग्रजी अक्षरांना कमी चालतं, पण आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार दोन्ही सांभाळायचे असतात. ओळी दाटल्या की वरच्या ‘कु’चा उकार खालच्या ‘कै’च्या मात्रेत अडकतो. पेन्सिलीने हलक्या रेषा आखून घ्या. आपलं अक्षर रेषेवर बसत नाही, रेषेला लटकतं, म्हणून आखलेली रेघ शिरोरेषेची धरा. शाई पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, रेषा मऊ खोडरबराने पुसा.

अक्षर वाईट आहे म्हणून छापून चिकटवू का, असं बरेच जण विचारतात. माझं मत विचाराल तर नको. आजोबांच्या हिशोबाच्या वहीतलं गिचमिड अक्षर आम्ही अजून हात फिरवून बघतो. मजकूर मोठाच असेल तर छापा, पण निदान नावं आणि तारीख हाताने लिहा. छापायचं झाल्यास लेझर प्रिंट घ्या. घरच्या इंकजेटची शाई बऱ्याचदा ओलसर हाताने पसरते.

पेन, कागद, गम

फाउंटन पेनची नेहमीची शाई आणि काही जेल पेनांची शाई रंगद्रावाची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) असते, ती पाण्याने पसरते आणि उजेडाने उडते. ड्रॉइंगच्या दुकानात ‘पिगमेंट इंक’चे बारीक टोकाचे पेन मिळतात. ०.५ किंवा ०.८ चं टोक देवनागरीला बरं. ०.१ ने लिहिलेलं साठीच्या पुढच्या माणसाला वाचता येत नाही, आणि हा अल्बम तीच माणसं जास्त बघणार आहेत. काळ्या पानांच्या अल्बमवर पांढऱ्या पेनाने थेट लिहिण्यापेक्षा फिकट कार्डावर लिहून ते कार्ड लावलेलं बरं. चुकलं तर कार्ड बदलता येतं.

कागद अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) बघून घ्या, दोनशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा. स्वस्त चार्टपेपर आणि वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग देतो. म्हणून कात्रण लावायचं असेल तर त्याची झेरॉक्स लावा. एसटीच्या मशीनमधून निघालेलं तिकीट, एटीएमची पावती, हॉटेलचं बिल यांचीही झेरॉक्सच. तो उष्णतेने छापणारा कागद असतो, काही वर्षांत कोरा होतो. आमच्या गणपतीपुळ्याच्या तिकिटाचा असाच कोरा तुकडा उरलाय.

फोटो गमाने चिकटवूच नका. कोपऱ्यांचे कागदी त्रिकोण मिळतात, ते लावा, म्हणजे फोटो काढून मागचं वाचता येतं. मजकुराच्या कार्डाला अ‍ॅसिड-फ्री ग्लू स्टिक चालते. फेव्हिकॉल पातळ लावला तरी कागद फुगतो. सेलोटेप, स्टेपलर आणि टाचण्या नकोत. कोकणात तर एका पावसाळ्यात टाचणीचा गंज उमटतो.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहायचा मोह आवरा. त्याचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. जुन्या कागदी पाठीवर ४बी किंवा ६बी पेन्सिलीने, कडेला, हलकं लिहा. गुळगुळीत पाठीच्या नव्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे नंबर घातलेलं कागदी पाकीट करा.

लग्नाचे करिझ्मा अल्बम (जाड पानांवर फोटो थेट छापलेले) असतील तर त्यात लिहायला जागाच नसते. त्यांच्यासाठी एक छोटी वही करा, पान नंबर टाकून, आणि अल्बमच्या पेटीतच ठेवा.

चुकलं तर

व्हाइटनर लावू नका, तो पुढे तडकतो. एका रेघेने खोडून वर बरोबर शब्द लिहा. मजकुराचं वेगळं कार्ड केलं असेल तर नवं लिहा. आम्ही ‘१९६७’ मुद्दाम खोडून ‘१९६८’ केलं आणि जुनं कार्ड तसंच ठेवलं. बदाम मात्र काढले.

सगळ्यांनी वाचावं असं नसतं तेव्हा

गेलेलं मूल, मोडलेलं लग्न, घराची वाटणी. आठवणी निघाल्या की हेही निघतं. ज्याने सांगितलं त्याला स्पष्ट विचारा, लिहू का? नाही म्हटलं तर विषय संपला. ‘लिही, पण आत्ता नको’ असं उत्तर आलं तर कार्डावर लिहा, पाकिटात घाला, पाकीट फोटोच्या मागे सरकवा आणि वर कुणी, कधी उघडायचं ते नोंदवा. आमच्या अल्बममध्ये अशी दोन पाकिटं आहेत. एक मीही उघडलेलं नाही.

पावसाळा

अल्बम भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवू नका, ओल तिथेच धरते. मधल्या कप्प्यात, आडवा, सुती कापडात गुंडाळून ठेवा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनच्या सुरुवातीला बदला. पारदर्शक पाकिटांना नव्या रेक्झिनसारखा उग्र वास येत असेल तर ती बहुधा पीव्हीसीची आहेत, फोटोला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची मागून घ्या. डांबरगोळ्या अल्बममध्ये टाकू नका. दसऱ्याच्या सुमारास अल्बम बाहेर काढून, उन्हात नव्हे, सावलीत पानं उलगडून ठेवा. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते.

तो बाहेर असतो त्या दिवशी घरात पाहुणे असतील असं बघा, आणि शेवटी चार पानं कोरी ठेवून शेजारी एक पेन्सिल ठेवा. गेल्या दसऱ्याला आत्या आली होती. तिने घड्याळाचं पान वाचलं, आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहून गेली : ‘बाजाराचा दिवस नव्हता. बाजार असता तर पणजोबाच गावात असते, मग हे दोघं कसले जाताहेत स्टुडिओत?’ त्याखाली आजीने तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय, ‘बाजारच व्हता.’